तिसऱ्या कडव्यातली आई

ग्लेना स्टिडमने आपल्या आईला मारलं ते सकाळी साडेदहाच्या सुमारास, नॅशव्हिलमधल्या एका भाड्याच्या खोलीत, कॉफीचा दुसरा कप चालू असताना. आई त्या वेळी तिथून साडेतीनशे किलोमीटरवर, केंटकीच्या डोंगरात, सकाळची फेरी संपवून शाळेची पिवळी बस धूत होती. तिची तब्येत ठणठणीत होती.

नॅशव्हिलमध्ये गाणी अशीच होतात. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी बाई खिडकीशी बसली असेल, तिला काही आठवलं असेल आणि ओळी सुचल्या असतील. प्रत्यक्षात दहाची वेळ ठरते, दोघं-तिघं गिटारी घेऊन जमतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाणं उतरलं नाही तर एकमेकांकडे तिरके बघू लागतात. १९८६ साल होतं. ग्लेना एकतीस वर्षांची होती. डोंगरातून येऊन तिला अकरा वर्षं झाली होती आणि अजून तिच्या नावावर धड एक गाणं नव्हतं. समोर डॉइल प्रूइट बसला होता. त्याच्या गाण्यांनी निम्मा टेनेसी रडवलेला, पण स्वतः माणूस पोस्टातल्या कारकुनासारखा.

गाणं आईच्या एप्रनच्या खिशाचं होतं. पहिल्या कडव्यात लहान पोर त्या खिशात खाऊ शोधते. दुसऱ्यात ती घर सोडून जाते आणि आई खिशातला रुमाल तिच्या हातात देते. तिसऱ्याशी गाडी अडली होती.

"तिसऱ्यात कुणीतरी गेलं पाहिजे," डॉइल म्हणाला.

"बाप घेऊ या?"

"बाप मागच्या गाण्यात गेला ना तुझा. एकाच माणसाला किती वेळा पुरायचं? आई घे."

"आई जिवंत आहे माझी."

"गाण्याला काय माहीत?"

ग्लेना हसली आणि तिने आई घेतली. तिसऱ्या कडव्यात मुलगी मातीला येते, स्वयंपाकघरात खिळ्याला एप्रन लटकलेला असतो, ती खिशात हात घालते, तर आत कपड्यांचे दोन चिमटे आणि तिचा शाळेतला फोटो. डॉइलने पेन्सिल ठेवली, डोळे पुसले, "झालं," म्हणाला आणि जेवायला गेला.

पुढच्या वसंतात ते गाणं ग्लेनाच्या आवाजात देशभर वाजू लागलं. ट्रकवाले रस्त्याच्या कडेला गाडी लावून ऐकायचे म्हणे. आता, दुसऱ्या कुठल्या तऱ्हेचं गाणं असतं तर काही बिघडलं नसतं. नाचाची गाणी म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही, की बाबा, तुझी प्रेयसी खरंच पळून गेली का? पण आमच्या या कंट्री गाण्याचा ऐकणारा फार चोखंदळ. त्याला दुःख अस्सल लागतं. गाणाऱ्याने खाणीचं गाणं म्हटलं तर त्याच्या घरात कोणी खाणीत मेलेलं असावं, दारूचं म्हटलं तर गाणाऱ्याने निदान एकदा तरी लाज घालवलेली असावी, अशी त्याची साधी अपेक्षा असते. त्यामुळे नॅशव्हिलच्या रेडिओवर मुलाखत घेणाऱ्याने आवाज खाली आणून विचारलं, "आई कधी गेल्या?" तेव्हा ग्लेनासमोर दोन वाटा होत्या. आई जिवंत आहे म्हणावं तर गाणं खोटं पडतं, गेली म्हणावं तर आपण. डोक्यावर लाल दिवा लागला होता, काचेपलीकडे कंपनीचा माणूस उभा होता आणि विचार करायला जेमतेम दोन सेकंद होते.

"एप्रिलमध्ये," ग्लेना म्हणाली. वेळ मारून नेली. बाहेर आल्यावर कंपनीचा माणूस म्हणाला, छान झालं, आता हेच धरून चालायचं.

त्याच संध्याकाळी फोन आला.

"ग्लेना, मी मेले म्हणे."

"आई, अगं ते..."

"एप्रिलमध्ये. महिना चांगला काढलास, जमीन मऊ असते. पण एप्रन कुठला गं? मी जन्मात एप्रन घातला नाही. लोकांना वाटेल, डेल्फा एप्रन घालून बस चालवायची."

"पुढच्या मुलाखतीत खरं सांगते."

"गाणं चालतंय ना?"

"चालतंय."

"मग चालू दे. मला मरून काही त्रास नाही. फक्त फिलिसला सांग, ती उगाच चिडलीय."

फिलिस म्हणजे ग्लेनाची धाकटी बहीण. ती गावाकडे घळीतच राहिली होती आणि चिडायचं काम घरात तिच्याकडेच होतं.

सावरवुडची घळ म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी पट्टी, एक ओढा, एक रस्ता आणि तीस-पस्तीस घरं. त्या घरांनी डेल्फा स्टिडमचं मरण इमानाने सांभाळलं. बाहेरच्या कुणी चौकशी केली तर पेट्रोल पंपावरचा म्हातारासुद्धा टोपी काढून "देवमाणूस होती बिचारी" म्हणायचा, आणि देवमाणूस त्याच्या मागेच बसमध्ये डिझेल भरत उभी असायची. बसमधली पोरं ओढ्याच्या वळणावर तिसरं कडवं मुद्दाम गळा काढून म्हणायची. डेल्फा आरशातून बघायची. "धरून बसा रे, मेलेली बाई ब्रेक मारतेय," म्हणायची आणि खरंच मारायची.

एकदा एक गृहस्थ थेट घरी आले. टेनेसीहून आले होते, हातात कापडी फुलांचा गुच्छ, गाणाऱ्या बाईंच्या आईची कबर कुठे म्हणून. ओट्यावर डेल्फाच शेंगा सोलत बसली होती. ती उठली, त्यांना टेकडीवर घेऊन गेली आणि स्वतःच्या सासूची कबर दाखवली. दगडावर फक्त 'आई' आणि 'स्टिडम' एवढंच होतं, तेव्हा अडचण आली नाही. गृहस्थ गुडघ्यावर बसून रडले. डेल्फाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नंतर फिलिसला म्हणाली, "सासूबाईंना जन्मात कुणी फुलं दिली नव्हती. बरंच झालं."

अशा गोष्टी ऐकून ग्लेना फोनवर हसायची. पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. डेल्फाला कार्यक्रमाला येता येत नव्हतं. एकदाच आली, लेक्सिंग्टनच्या मोठ्या सभागृहात, अगदी शेवटच्या रांगेत, फिलिसचा कोट अंगात घालून. गाणं संपलं, सगळं सभागृह उभं राहून रडत होतं. शेजारच्या बाईने डेल्फाला रुमाल दिला आणि विचारलं, तुमचीही गेली का? डेल्फा म्हणाली, हो, माझीही गेली, आणि ते खरंच होतं. ग्लेना खाली लोकांच्या गराड्यात उभी होती, प्रत्येकाचा हात हातात घेत होती. माणसांच्या डोक्यांवरून तिला दारापाशी आई दिसली. आईने दोन बोटं वर केली, बसच्या स्टिअरिंगमागून समोरच्या गाडीवाल्याला करायची तशी, आणि निघून गेली. सकाळी सहाला तिची फेरी होती. त्यानंतर ती परत आली नाही.

ग्लेनाने पुढे दोन तबकड्या काढल्या. दोन्ही आपटल्या. कंपनीने हात झटकले. नवरा स्टील गिटार वाजवायचा, तोही एक दिवस फार सभ्यपणे निघून गेला. उरलं ते एक गाणं. जत्रा, मेळे, जहाजावरच्या सहली, आणि शेवटी डोंगरपायथ्याच्या एका पर्यटकांच्या गावातलं नाट्यगृह. तिथे रोज दुपारी दोनचा खेळ असायचा, वयस्कर मंडळी बसगाड्या भरून यायची. ग्लेना शेवटून दुसरी. एकतीस वर्षांत तिने ते गाणं चार हजारांहून जास्त वेळा म्हटलं असेल.

त्या गाण्यात 'खिशात' या शब्दावर तिचा आवाज चिरतो. लोक त्याचीच वाट बघतात. पहिल्या वर्षी तो खराच चिरायचा, कारण त्या जागी तिला आईचा चेहरा दिसायचा आणि ही बाई एक दिवस खरंच जाणार, या विचाराने गळा दाटायचा. तिसऱ्या वर्षी गळा आपोआप दाटू लागला. दहाव्या वर्षी ती मनात दुपारी काय खायचं हे ठरवत असायची आणि आवाज आपल्या जागी, अर्धा सूर खाली, बिनचूक चिरायचा. याचं तिला वाईट वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं. खेळ संपल्यावर लोक रांगेत यायचे, आपापल्या आया सांगायचे. ती हात हातात घेऊन ऐकायची, मान हलवायची, सही करायची.

२०१८च्या ऑक्टोबरात, मंगळवारी दुपारी, ती खेळाचा झगा इस्त्री करत असताना फिलिसचा फोन आला.

"आई गेली गं. जेवायला बसली होती. खुर्चीतच गेली."

"आई?" ग्लेना म्हणाली, आणि तिचा आवाज चिरला. अर्धा सूर खाली, बरोब्बर त्याच जागी. तिला तो ओळखू आला. चार हजार वेळा ऐकलेला आवाज कुणालाही ओळखू येतो. तिने तोंड मिटून घेतलं. हे खरं की सवयीचं, ते तिला सांगता येईना. सवयीचं असेल तर आईसाठी ते वापरायची तिला लाज वाटली. त्यापेक्षा कोरडंच राहिलेलं बरं, असं तिने ठरवलं, आणि मग कोरडेपणा ठरवल्यापेक्षा फार जास्त आला.

चार तास गाडी चालवून ती सावरवुडला पोचली. फिलिसच्या स्वयंपाकघरात शेजारणींनी आणलेली भांडी रचलेली होती, वालाची उसळ वाटावी असे शिजवलेले बीन्स, मक्याचा कॉर्नब्रेड, तळलेली कोंबडी, तीन प्रकारची केळ्याची पुडिंगं. फिलिसचे डोळे सुजून बारीक झाले होते. तिने ग्लेनाकडे नीट बघितलं.

"रडली नाहीस वाटतं."

"नाही आलं."

"तिकीट लावलं नाही ना कुणी इथं. फुकटात कशाला रडशील."

फिलिस खुर्चीवर बसली, नाक पुसलं. "बोलून गेले. बस. काही खाल्लंस का?" म्हणाली, आणि बशीत कोंबडीचा तुकडा ठेवला.

खाणं झाल्यावर फिलिसने टेबलाच्या खणातून वहीचं एक पान काढलं. आमच्याकडे स्थानिक रेडिओवर रोज सकाळी साडेआठला गेलेल्यांची नावं वाचतात. कोण गेलं, कुठल्या घळीतलं, मागे कोण कोण, माती किती वाजता. कॉफीचा कप हातात धरून सगळा तालुका ऐकतो. ज्याचं नाव तिथे आलं नाही तो गेलाच नाही असं समजतात, आणि मागे उरलेल्यांत ज्याचं नाव आलं नाही त्याच्याबद्दल लोक वर्षभर बोलतात. डेल्फाने आपला मजकूर स्वतःच लिहून ठेवला होता. अक्षर बसच्या हजेरीवहीतलं, टोकदार.

'डेल्फा स्टिडम, सत्त्याऐंशी, सावरवुड घळ. बावीस वर्षं शाळेची बस चालवली, एकदाही दरीत घातली नाही. मागे एक मुलगी, फिलिस, जावई आणि दोन नातू.'

ग्लेनाने ते वाचलं. मग परत वाचलं.

"मी भांडले तिच्याशी," फिलिस म्हणाली. "म्हटलं, असं कसं लिहितेस? दुसरी कुठे गेली? तर म्हणाली, ग्लेनाचं गाणं अजून चालू आहे. रेडिओ कुठवर ऐकू जातो, कुणी सांगावं. एकदा मेले ते पुरे, दोनदा मेले तर पोरीची पंचाईत होईल."

"कधी लिहिलं हे?"

"झाली सहा वर्षं. दर नाताळला काढून बघायची, स्वतःचं वय दुरुस्त करायची. तुझं नाव घालेल असं मला दरवेळी वाटायचं." फिलिसने पेनचं टोपण काढलं. "इथं जागा आहे बघ. 'एक'चं 'दोन' करते. तू फक्त हो म्हण. माझी शपथ, मी कुणाला काही बोलणार नाही. विचारलं कुणी तर सांग, हो, खोटं बोलले होते. त्रेसष्ट वर्षांची झालीस, कोण काय करणार आहे तुला?"

ग्लेना त्या 'एक'कडे बघत राहिली. हा शब्द लागायला हवा, असं तिला कळत होतं. कुठेतरी कळ यायला हवी. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, मग दात ओढतो, तेव्हा ओढणं कळतं आणि दुखणं कळत नाही, तसं झालं होतं. ती वाट बघत बसली. नाट्यगृहाबाहेरची पाटी तिच्या डोळ्यांसमोर आली, रांगेतले लोक आले, त्यांच्या आया आल्या. भित्रेपणा म्हणा नाहीतर सवय म्हणा, तिने पान परत सरकवलं.

"आईनं लिहिलंय तसं जाऊ दे."

फिलिसने टोपण लावलं. "बरं," म्हणाली. "म्हणजे मी एकटीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला निवेदकाने तो मजकूर जसाच्या तसा वाचला. दरीच्या वाक्याला तो थोडा अडखळला, मग हसू दाबून पुढे गेला. 'मागे एक मुलगी.' ग्लेना ओट्यावर कप घेऊन बसली होती. ओढ्यापलीकडच्या घरातूनही तोच आवाज, तेच शब्द, किंचित मागून येत होते. तिला वाटलं, बातमीत चूक काही नाही.

मातीच्या दिवशी, गुरुवारी, प्रार्थनाघर भरून लोक आले. आमच्या जुन्या बॅप्टिस्ट पंथात वाद्य चालत नाही. प्रार्थना चालवणारा ब्रदर एल्झी एक ओळ भरभर सांगतो आणि मग सगळे ती ओढून ओढून, ज्याला जमेल त्या सुरात म्हणतात. त्याने आधी ग्लेनाला बाजूला घेतलं.

"एक म्हणशील का? तिच्या आवडीचं? गिटारीशिवाय."

"तिला कुठलं आवडायचं?"

ब्रदर एल्झी तिच्याकडे बघत राहिला. तिलाही आपला प्रश्न ऐकू आला. तेवढ्यात फिलिसने मागून भजनाचं नाव सांगितलं, त्यातलं कुठलं कडवं गाळायचं तेही सांगितलं, आणि ग्लेनाची बाही धरून तिला पुढच्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं. भजन सुरू झालं. ग्लेनाला शब्द येत होते. ती ओठ मिटून बसली.

शवपेटी उचलायला आठ जण आले. सगळे डेल्फाच्या बसमधले. कुणी खाणीत, कुणी औषधाच्या दुकानात, दोघांचे केस पिकलेले. ते मोकळेपणी रडत होते, नाकं बाहीला पुसत होते, वळणावर एकाने "ब्रेक" म्हटलं आणि रडता रडता सगळे हसले. ग्लेनाला त्यांचा हेवा वाटला. त्या दोन दिवसांत तिला तेवढंच काय ते वाटलं.

टेकडीवरून खाली आल्यावर लोक रांगेने भेटायला आले. फिलिसला एकेकाने घट्ट मिठीत घेतलं. ग्लेनापाशी येऊन ते थांबायचे. तिचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "तुला काय सांगणार आम्ही. तू तर..." आणि वाक्य तिथेच सोडायचे. एकतीस वर्षं तिचा शोक त्यांनी स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, केस कापून घेताना ऐकला होता. त्यात आता भर काय घालणार? ती प्रत्येकाला आभार म्हणाली.

पुढच्या गुरुवारी दुपारी दोनला ती पुन्हा नाट्यगृहात उभी होती. निवेदकाने नेहमीचं वाक्य म्हटलं, दिवे निळे झाले. तिने गाणं म्हटलं. 'खिशात' आलं, आवाज चिरला, पुढच्या रांगेतल्या बायकांनी चष्मे काढले.

खेळानंतरच्या रांगेत चौथी बाई इंडियानाहून आलेली होती. नाव लोरेन, अंगात नातवंडांची नावं छापलेला सदरा. तिने ग्लेनाचे दोन्ही हात धरले.

"माझी बारा वर्षांपूर्वी गेली. वर्षभर मला रडायलाच आलं नाही हो. दगड झाला होता माझा. मग एक दिवस गाडीत तुमचं गाणं लागलं, आणि मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून तासभर रडले. तुमचे उपकार आहेत."

ग्लेना नेहमीप्रमाणे मान हलवणार होती. त्याऐवजी ती म्हणाली, "माझी आई गेली त्याला नऊ दिवस झाले."

लोरेनचे डोळे भरून आले. "अगदी खरं," ती म्हणाली. "नऊ दिवस. त्याच्यापुढे जातच नाही ते, नाही का? मलाही असंच वाटतं."

"नाही, तसं नाही. खरंच नऊ दिवस. मागच्या आठवड्यात, मंगळवारी गेली. माझी आई बस चालवायची."

लोरेनच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शंका नव्हती. आजारी माणसाला भ्रमात काही बोलताना ऐकावं तशी ती ऐकत होती.

"असू दे हं," ती म्हणाली. "असू दे. किती वर्षं झाली बिचारीला, अजून सुटत नाही." आणि तिने ग्लेनाला जवळ ओढून मिठी मारली, घट्ट, पाठीवरून हात फिरवत, लहान पोरीला धरावं तशी.

आई गेल्यापासून ग्लेनाला कुणी मिठीत घेतलं ते हे पहिल्यांदाच, आणि तेही एप्रनवाल्या बाईसाठी. तिने सुटायची घाई केली नाही. लोरेनच्या खांद्यावरून तिला पुढची बाई दिसत होती, हातात कुणाचा तरी फोटो घेऊन उभी असलेली.